राग येणारी निर्वासित मुलगी

थान्हा लाय यांची ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ ही २०११ची कादंबरी, मुक्तछंदात लिहिलेली. १९७५मध्ये व्हिएतनाममधलं सायगॉन पडतं. वडील युद्धात बेपत्ता. दहा वर्षांची मुलगी आई आणि तीन भावांबरोबर जहाजातून निघते आणि अमेरिकेतल्या अलाबामात येऊन पडते. (लेखिकाही त्याच वयात तिकडे गेल्या.) घरी हुशार म्हणून मिरवणारी ही पोर नव्या वर्गात भाषेपायी ढ ठरते, तो भाग फार बोचतो. तिचा संताप लेखिकेने सौम्य केलेला नाही. मुलांच्या पुस्तकांतले निर्वासित बहुधा कृतज्ञच असतात, मला त्याचा कंटाळा आला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांपायी शाळा सुटणाऱ्या आपल्या मुलांच्या रागाची गोष्ट कुणी लिहिली असेल, तर आमच्याकडे जरूर पाठवा.