राउटर बदलण्याआधी दिवे पाहा

घरातले इंटरनेट बंद पडले की आपण दोनच गोष्टी करतो: राउटर बंद-चालू करतो, नाहीतर नवा विकत आणतो. दोष नेमका कुठे आहे, हे पाहण्याची पायरी गाळली जाते. डॉक्टरांचा व्हिडिओवरचा सल्ला, मुलांचे वर्ग, नोकरी हे सगळे या एका तारेवर चालत असताना ही हयगय परवडणारी नाही.

फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करतो तो मोडेम. ते संकेत घरभर वाटतो तो राउटर. अनेक घरांत दोन्ही एकाच डब्यात असतात, म्हणून गोंधळ होतो. मोडेमवरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल, तर प्रकाशच पोहोचत नाही. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. कपाटामागे दाबून वाकवली की वळणावरच प्रकाश गळतो. वळण सैल करूनही दिवा लालच राहिला तर तक्रार नोंदवा. नवा राउटर इथे काहीच करू शकत नाही.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. केबलवर वेग चांगला आणि वाय-फाय मात्र रडतखडत, म्हणजे अडचण लहरींची. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. टीव्हीमागे लपवलेला राउटर मोकळ्या जागी ठेवला तरी पुष्कळदा फुकटात काम होते.

केबलवरही काही नाही? दोन वेगळे डबे असतील, तर मोडेमची केबल राउटरच्या ‘वॅन’ खाचेतच आहे ना, ते पाहा. साफसफाईत ती हमखास ‘लॅन’मध्ये जाते. मग दोन्ही बंद करून आधी मोडेम, त्याचे दिवे स्थिरावल्यावर राउटर सुरू करा. टाचणीने दाबायचे ‘रीसेट’ मात्र टाळा. त्याने जोडणीची साठवलेली माहिती पुसली जाऊ शकते आणि मग तंत्रज्ञाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

हे सांगणे खरे तर सेवा देणाऱ्यांचे काम. महिन्याचे पैसे वेळेवर घेणाऱ्यांना दिव्यांचे अर्थ सांगणारा मराठी कागद डब्यावर चिकटवणे जड नाही. तो मिळेपर्यंत इंटरनेट सुरळीत असतानाच दिव्यांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. बिघाडाच्या दिवशी काय बदलले, ते लगेच दिसेल.