इंदिर ठाकरुणचा नवरा कुठे गेला?

सत्यजित रे यांचा 'पथेर पांचाली' २६ ऑगस्ट १९५५ रोजी कलकत्त्यात प्रदर्शित झाला. १९५६ साली कान महोत्सवात 'सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज' म्हणून त्याचा गौरव झाला. चित्रपट थोर आहे, यात वाद नाही. पण मी व्यवसायाने वकील. दस्तऐवज हाती आला की सगळी पाने जागेवर आहेत का, हे आधी पाहतो. या दस्तऐवजातले एक पान गहाळ आहे.

ते पान विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या १९२९ च्या मूळ कादंबरीत सापडते. कादंबरीच्या पहिल्या भागाचे नावच 'बल्लाली बालाई', म्हणजे बल्लाळ सेनाने मागे लावलेली पीडा. बंगालच्या या बाराव्या शतकातील राजाने ब्राह्मणांत कुलीन-अकुलीन उतरंड घातली, असे परंपरा सांगते. कुलीन मुलगी कुलीनालाच द्यायची. कुलीन पुरुषाने मात्र खालच्या कुळातली मुलगीही करावी. परिणामी वर कमी पडले. एकेका कुलीनाने कित्येक बायका केल्या आणि त्या बायका माहेरीच कुजल्या.

इंदिर ठाकरुण त्यांतलीच एक. तिचा कुलीन नवरा क्वचित यायचा, एखादी रात्र राहायचा, वाटखर्च आणि कुळाचा मान वसूल करायचा, वहीत खूण करायचा आणि पुढच्या सासुरवाडीला निघायचा. म्हातारपणी दूरच्या नात्यातल्या हरिहरच्या घरी तिच्यावर आश्रिताचे जिणे आले, त्याचे मूळ या वहीत आहे.

चित्रपटात ही वही नाही. रे यांनी इंदिरला कादंबरीपेक्षा अधिक काळ जगवले आणि चुनीबाला देवींनी ती भूमिका अमर केली. ती बांबूच्या बनात मरते तेव्हा प्रेक्षक हळहळतो. पण राग कोणावर धरायचा? धरला तर सर्वजयेवर, म्हणजे स्वतःच्या लेकरांसाठी घास मोजणाऱ्या दुसऱ्या गरीब बाईवर! खरा आरोपी कोर्टात हजरच नाही.

दोन तासांच्या चित्रपटात सगळे मावत नाही, हे मान्य. पण प्रस्थापित समीक्षकांनी या गाळलेल्या पानालाच गुण ठरवले. ही म्हणे वैश्विक दारिद्र्याची कहाणी! दारिद्र्य काय पावसासारखे आकाशातून पडते? कारण पुसले की कोणीच जबाबदार उरत नाही. कादंबरीची नजरही ब्राह्मणांच्या अंगणापलीकडे फारशी जात नाही. पण आपल्या अंगणातली घाण तिने झाकली नाही.

कोणी म्हणेल, ब्राह्मण बाईच्या दुःखाशी आपल्याला काय करायचे? बाबासाहेबांनी असे म्हटले नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जातीची कुंपणे शाबूत ठेवण्याची साधने आहेत. जात टिकते ती बाईला कोंडून. म्हणूनच कायदामंत्री या नात्याने ते हिंदू कोड बिलासाठी झुंजले. त्यात एकपत्नीत्वाची तरतूद होती. बिल अडवले गेले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि त्याच्या कलम १७ ने दुसरे लग्न गुन्हा ठरले. विद्यासागरांनी १८७१ व १८७३ मध्ये पुस्तके लिहून कुलीनांच्या बहुविवाहावर प्रहार केला होता. सरकारने तेव्हा कायदा केला नाही. कुलीनाची ती वही कायद्याने बंद केली १९५५ साली. आणि अवघ्या तीन महिन्यांनी जो चित्रपट आला, त्यात इंदिर होती, तिचा नवरा नव्हता.

आपल्या अभ्यासवर्गांत 'पथेर पांचाली' अवश्य दाखवा. इंदिरच्या मरणाने डोळे भरून आले तर येऊ द्या. मग दिवे लावा, कादंबरीचा पहिला भाग उघडा आणि मुलींना विचारा : या बाईला बेघर कोणी केले?