भिंत उजळेल, हवेचे काय?

नंदुरबारला ऊन भरपूर. तेव्हा उन्हाच्या बळावर स्वतःला स्वच्छ ठेवणारे रंग आणि सिमेंट या जिल्ह्यासाठीच बनले आहेत, हा युक्तिवाद चटकन पटतो. त्याला लगेच शेपूट जोडले जाते: अशा भिंती गावाची हवाही शुद्ध करतील. यातला पहिला दावा अर्धा खरा आहे. दुसरा टिकत नाही.

मुळातल्या विज्ञानात खोट नाही. या रंग-सिमेंटमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याच्या पृष्ठभागावर तीव्र ऑक्सिडीकरण सुरू होते आणि काजळी, तेलकट डाग, शेवाळ यांचे रेणू तुटतात. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये याच पदार्थाच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन करून दाखवले. रोममध्ये २००३ साली पुरे झालेल्या ज्युबिली चर्चच्या उंच वक्र भिंती अशाच सिमेंटच्या आहेत, आणि तिथला मूळ हेतू भिंती पांढऱ्या राहाव्यात हाच होता.

आता नंदुरबारच्या मिरची वाळवण्याच्या पथारीशेजारची भिंत पाहा. तिच्यावर मिरचीचा लाल भुगा बसतो आणि मातीचा फुफाटाही. मिरचीचा रंग सेंद्रिय असतो, तो अशा लेपावर उडून जाईल. तापीकाठच्या काळ्या मातीची धूळ मात्र खनिज. तिचे ऑक्सिडीकरण होत नाही. ती लेपावर बसून प्रकाशच अडवते. ती धुऊन जायला पाऊस हवा, आणि मिरची वाळते ती नेमकी कोरड्या महिन्यांत. म्हणजे ऊन आहे, पण पाणी नाही. या तंत्राला दोन्ही लागतात.

हवेच्या दाव्याचे तर मूळच कच्चे. भिंत पकडते ती तिला स्पर्श करणारी हवा. बाकीची वाऱ्याबरोबर निघून जाते. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित चाचणीत तळहाताएवढ्या तुकड्यावरून दहा लाखांत एक भाग नायट्रिक ऑक्साइड असलेली हवा सोडतात. रस्त्यावर तो वायू सहसा कितीतरी विरळ असतो. ब्रुसेल्सच्या लिओपोल्ड दुसरा बोगद्यात लेप आणि अतिनील दिवे लावून प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा ठळक अशी घट हाती आली नाही. ब्रिटिश सरकारच्या हवा-तज्ज्ञगटानेही २०१६ मध्ये या उपायाने शहराची हवा सुधारते याला भक्कम पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला.

शिवाय इथला धूर राहतो कुठे? धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुडाच्या घरात, लाकडाच्या चुलीपाशी, स्वयंपाक करणारीच्या छातीत. तिथे पुरेसे अतिनील किरण पोहोचत नाहीत, आणि त्या धुरातले सूक्ष्म कण असल्या लेपाने निघतही नाहीत.

म्हणून हे तंत्र टाकून द्यावे असे मुळीच नाही. परांची बांधल्याशिवाय हात पोहोचत नाही अशी रुग्णालयाची उंच दर्शनी भिंत, इमारतीच्या काचा, पावसात शेवाळणारी बाजू, अशा ठिकाणी ते जरूर वापरावे. धुण्या-रंगवण्याचा खर्च किती वाचतो, याचा हिशेब मांडूनच वापरावे.

हवेच्या नावाने मिळणारा पैसा मात्र चुलीला धुराडे, परवडणारे गॅसचे सिलिंडर, रस्त्याच्या कच्च्या कडा पक्क्या करणे आणि मिरची कांडपाच्या यंत्राला धूळ रोखणारे झाकण यांवरच खर्च व्हावा. निविदेत ‘हवा शुद्ध करणारा रंग’ असे कलम दिसले, तर जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी ठेकेदाराकडे एकच गोष्ट मागावी: एप्रिलमध्ये, धुळीने माखलेल्या भिंतीसमोर घेतलेली मोजणी.