विश्लेषण : व्हीआर हेडसेट घातल्यावर मळमळतं का?

घाटातल्या एसटीत मोबाइल पाहताना शरीर हलतं, पण स्क्रीन स्थिर दिसतो, म्हणून मळमळतं. व्हीआरमध्ये नेमकं उलटं. डोळ्यांना धावल्यासारखं वाटतं, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र सांगते, आपण खुर्चीतच आहोत.

२०१३च्या ऑक्युलस डीके१चा रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ होता, क्वेस्ट ३चा १२०पर्यंत जातो. मान वळवल्यावर चित्र मागे राहणं कमी झालं. जॉयस्टिकने पळतानाचा त्रास उरलाच. त्यामुळे हर्ट्झपेक्षा गेमची सेटिंग आधी बघा. चालण्याऐवजी ‘टेलिपोर्ट’ निवडा, हालचालीत कडा काळ्या करणारा ‘व्हिन्येट’ सुरू ठेवा. कोलंबिया विद्यापीठाच्या २०१६च्या प्रयोगात दृश्य असं अरुंद केल्यावर त्रास घटला. अनेकांना बदल जाणवलाही नाही. आणि ‘होईल सवय’ म्हणत रेटू नका. घाम फुटला की हेडसेट काढा, पुढचा डाव उद्या.