बार्शीची पेठ आणि भोंवतालचा शेतकरी

शेतकऱ्याचा संसार शेतांत उभा राहतो, परंतु त्याचा हिशेब पेठेंत पुरा होतो. बी-बियाणें, खत, नांगराचा फाळ, लग्नाचें कापड, पोरांची शाळा, आजाऱ्याचें औषध, कोर्टाची तारीख आणि सरतेशेवटीं मालाची विक्री, एवढ्या सर्व कामांसाठीं ज्या एका गांवाची वाट आपण पिढ्यान् पिढ्या तुडवीत आलों, त्या गांवाचा विचार मात्र आपण क्वचितच करतों. पिकावरील किडीची चर्चा आपल्या मासिकांतून बारकाईनें होते, व ती व्हावयास पाहिजेच. परंतु पिकाचें मोल जेथें ठरतें त्या ठिकाणाचा पूर्वेतिहास काय, स्वभाव काय, आणि तें गांव आपल्या जिवावर जगतें कीं आपण त्याच्या, या प्रश्नांकडे दुर्लक्ष होतें. आज बार्शीचें उदाहरण घेऊन हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, कोणतीही पेठ केवळ रेल्वेनें, सरहद्दीनें किंवा सरकारी हुकुमानें टिकत नाहीं. ती मापाच्या व शब्दाच्या विश्वासावर टिकते, आणि तो विश्वास राखण्याचें काम व्यापाऱ्याइतकेंच शेतकऱ्याचेंही आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर अंगास, बालाघाटच्या डोंगरांच्या पायथ्याशीं बार्शी वसलेली आहे. जमीन बहुतेक काळी, पाऊस बेभरंवशाचा, आणि मुख्य आधार रब्बीच्या ज्वारीचा. मोठी नदी नाहीं, राजधानीचा मान नाहीं. श्रीभगवंताचें हेमाडपंती मंदिर व त्याशीं जोडलेली अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताची कथा यांमुळें पंढरीच्या वारकऱ्यांचे पाय इकडे वळत आले, हें खरें. परंतु देवदर्शनास येणाऱ्या यात्रेवर बाजार भरतो, पेठ उभी राहत नाहीं. यात्रेकरू वर्षांतून एकदोनदां येतो. पेठेस दर आठवड्यास येणारा माणूस लागतो.

तो माणूस बार्शीस मिळाला तो तिच्या जागेमुळें. इंग्रजी अमदानींत बार्शी तालुका मुंबई इलाख्यांत होता, आणि त्याच्या उत्तरेस व पूर्वेस निजामाच्या राज्याची हद्द लागत असे. घाटावरचा कापूस, जवस, करडई व कडधान्यें खालीं उतरलीं कीं, तीं विकण्यास सर्वांत जवळची मोठी जागा म्हणजे बार्शी. हद्द ओलांडतांना करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. तिकडे हाली शिक्का चाले, इकडे कलदार चाले, व दोहोंची अदलाबदल करतांना बट्टा सोसावा लागे. एवढा त्रास सोसूनही गाडीवान बार्शीस येत असे, कारण येथें माल घेणारे पुष्कळ होते व रोकड मिळत असे. ज्या पेठेंत घेणारा एकच, तेथें शेतकरी याचक होतो. जेथें घेणारे दहा, तेथें तो विक्रेता होतो. बार्शीच्या वाढीचें पहिलें कारण हेंच होय.

दुसरें कारण रेल्वे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० त सोलापुरास पोंचला, परंतु तो बार्शीस बाजूला टाकून गेला. कुर्डूवाडीच्या स्टेशनास त्या काळीं ‘बार्शी रोड’ असें नांव होतें. म्हणजे स्टेशन दुसऱ्या गांवीं, आणि नांव मात्र पेठेचें. मधलें सुमारें एकवीस मैलांचें अंतर बैलगाडीनें कापावें लागे, आणि काळ्या रानांतून पावसाळ्यांत तें कसें कापलें जात असेल हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें हेरली. १८९५ त बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली, व १८९७ त अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून बार्शीस गाडी आली. कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हा त्यांतील मुख्य विचार. त्यामुळें रूळ हलके चालले, पूल हलके चालले, आणि थोड्या भांडवलांत काम झालें. ही गाडी १९११ त लातुरास व १९२७ त मिरजेस पोंचली. आज जें मोठें शहर म्हणून आपण ओळखतों त्या लातुराचा मालही कित्येक वर्षें याच लहानशा गाडीनें बाहेर पडत असे. मोठ्या योजनेची वाट पाहत बसण्यापेक्षां आपल्या मालास पेलेल एवढीच सोय वेळेवर करावी, हा त्या गाडीचा धडा आजही जुना झालेला नाहीं.

परंतु ज्या कारणांनीं पेठ वाढते तीं कायमचीं नसतात. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबादचें संस्थान भारतांत आलें. त्यापूर्वीच्या धामधुमींत सरहद्दीपलीकडचीं कित्येक कुटुंबें सोलापूर जिल्ह्यांत आसऱ्यास आलीं होतीं. तीं परत गेलीं, आणि पुढें नाके उठले, शिक्का एक झाला, हद्द पुसली गेली. १ जानेवारी १९५४ रोजीं बार्शी लाइट रेल्वे सरकारच्या ताब्यांत गेली. मालमोटारी आल्या व लहान गाडीचें महत्त्व उतरलें. आम्हीं आमच्या तरुणपणीं पाहिली ती गाडी शेतकऱ्याच्या मालापेक्षां उतारूंच्या गर्दीसाठींच अधिक ओळखली जात असे. इ. स. २००० नंतरच्या दशकांत हा मार्ग रुंद झाला. एप्रिल २०१६ च्या दुष्काळांत मिरजेहून लातुरास पिण्याचें पाणी घेऊन गाड्या गेल्या त्या याच वाटेनें. एके काळीं ज्या मार्गानें घाटावरचें धान्य खालीं येत असे, त्याच मार्गानें घाटावर पाणी जावें, हा काळाचा फेरा मनन करण्यासारखा आहे. गिरण्यांचेंही तेंच झालें. ज्या कापडगिरणीच्या भोंग्यावर बार्शीचें घड्याळ चालत असे, ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे जाऊनही अखेर २०२० च्या टाळेबंदींत थांबली.

हद्द गेली, लहान गाडी गेली, गिरणी थांबली. तरी बार्शी ओस पडली नाहीं. असें कां झालें? आमच्या मतें याचें कारण, या गांवानें विकत घेण्याबरोबर सेवा करण्याचाही धंदा संभाळला हें होय. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनीं १९३४ त शिक्षणसंस्था काढली, व खेड्यांतील मुलांस शिकण्यासाठीं पुण्यामुंबईची वाट धरण्याची गरज कमी झाली. कर्करोगावरील रुग्णालय येथें उभें राहिलें. १९८७ त ग्रामीण भागांतील कर्करोग्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचें काम टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्यानें येथें सुरू झालें, व तें देशांतील अशा प्रकारचें पहिलें काम होय. आमचा जन्म नोंदवह्यांत गेल्यामुळें या कामाचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. त्या नोंदींत बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गांवें घेतलेलीं आहेत. परांडा व भूम हे निजामाकडील तालुके होते, हें ध्यानांत घ्यावें. सरकारच्या नकाशावर हद्द कोठेंही असो, पेठेचा नकाशा शेतकऱ्याच्या पायांनींच आंखला जातो.

आतां पेठेच्या मुख्य कामाकडे, म्हणजे मालाच्या विक्रीकडे वळूं. पूर्वीं देशांतील अनेक पेठांतून रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरत असे, आणि ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. त्यावर कडता, नमुना, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नांवांनीं कापाकापी होई. गोशाळेची वर्गणी शेतकऱ्याच्या पोत्यांतून जाई व पुण्य अडत्याच्या वहींत जमा होई. वऱ्हाडांत १८९७ त बाजाराचा कायदा झाला. १९२८ त शाही कृषि आयोगानें नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यांत १९२७ त कापसाच्या बाजारांचा व १९३९ त सर्व शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला. आणि आजच्या बाजार समित्या ज्याच्या आधारानें चालतात तो महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. उघडा लिलाव, खरें वजन, लेखी हिशेबपट्टी व वेळेवर दाम, एवढ्या चार गोष्टींसाठीं ही सारी खटपट झाली. या चार गोष्टी म्हणजे कोणी केलेला उपकार नव्हे. तीन पिढ्यांच्या तक्रारींतून निघालेला तो निकाल आहे.

तो निकाल आज पुन्हां ढिला पडत चालला आहे, हें आमच्या लेखाचें खरें प्रयोजन. कोणत्याही एका पेठेस आम्ही बोल लावीत नाहीं; राज्यांत सर्वत्र थोड्याफार फरकानें हेंच दिसतें. ज्वारीच्या रानांत सोयाबीन आलें, आणि सोयाबीन निघतांच पैशाची निकड असते. खेडोखेडीं खरेदीचे कांटे लागले आहेत. व्यापारी दारांत येतो, पोतें जागेवर उचलतो, भाड्याचा व दिवसाचा खर्च वांचतो, हें शेतकऱ्यास सोयीचें वाटतें. यांत कांहीं लबाडीच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एक प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा: दारांत आलेला व्यापारी आपला भाव कोठून काढतो? तो पेठेंतील लिलावाच्या भावांतूनच काढतो, व त्यांतून आपला नफा वजा करतो. उद्यां सर्वांचाच माल दारांत विकला गेला, तर पेठेंतला लिलाव दोनचार पोत्यांवर उरेल. आणि दोनचार पोत्यांवर ठरलेला भाव हजार पोत्यांस लागू होईल. पेठ ओस पडली म्हणजे केवळ व्यापाऱ्याचें दुकान बंद होतें असें नाहीं. शेतकऱ्याची तराजूच हरवते.

पेठेकडे दोष नाहींत असेंही नव्हे. दिवसभर उन्हांत ताटकळत बसावयाचें, बसावयास सांवली नाहीं, पिण्यास पाणी नाहीं. ओलावा मोजण्याचें यंत्र व्यापाऱ्याच्या हातांत, व त्यावरील आंकडा शेतकऱ्यानें मुकाट्यानें मानावयाचा. संपाचे किंवा सणाचे दिवस आले कीं लिलाव बंद, आणि बंदचा खर्च मात्र माल घेऊन आलेल्यानें सोसावयाचा. अशा पेठेस शेतकऱ्यानें पाठ दाखविली तर तिनें दुसऱ्यास दोष देऊं नये. आम्ही कचेरींत पैसेवारीचे तक्ते लिहीत असूं तेव्हां एक गोष्ट नेहमीं दिसे. पैसेवारी गांवांची निघते, पेठेची निघत नाहीं. परंतु पन्नास पैशांच्या आंत उतरलेल्या गांवांची यादी लांबली कीं, त्या वर्षीं पेठेंतल्या दुकानांच्या फळ्याही दिवस मावळण्यापूर्वींच लागत. ज्याच्या पिकावर आपला दिवा जळतो त्याला सांवली व पाणी देणें हा धर्म नव्हे, निव्वळ हिशेब आहे.

आतां शेतकऱ्यानें काय करावें? पहिली गोष्ट, माल वाळवून, चाळून, प्रतवारी करून न्यावा; भिजलेलें व कचरा असलेलें पोतें पेठेंत नेऊन भावाची तक्रार केली तर ती कोणी ऐकत नाहीं. घरून निघतांना वजन करून घ्यावें, आणि हिशेबपट्टी घेतल्याशिवाय व ती वाचल्याशिवाय आवाराबाहेर पडूं नये. दुसरी गोष्ट, सुगींत भाव पडले असतां सर्व माल एकदम विकूं नये. राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. जेथील बाजार समिति ती राबविते, तेथें सोयाबीन, तूर, ज्वारी यांसारखा माल गोदामांत ठेवून किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठीं ६ टक्के व्याजानें मिळते. खाजगी सावकाराच्या दारीं जाण्यापूर्वीं ही विचारपूस करण्यास काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाजार समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधि जातात ते मुख्यतः गांवच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या पंचांच्या व ग्रामपंचायतीच्या सभासदांच्या मतांनीं. सोसायटीची निवडणूक म्हणजे भाऊबंदकीचा डाव समजून जो घरीं बसतो, त्यानें बाजार समितीच्या कारभाराबद्दल बोलण्याचा आपला हक्क त्याच दिवशीं सोडलेला असतो. पंच निवडतांना एकच प्रश्न विचारावा: ‘तुम्ही आमच्या मताचें पेठेंत काय करणार?’ उत्तर न देतां जो केवळ हात जोडतो, त्याला परत पाठवावें.

बार्शीचा इतिहास पाहतां हें स्पष्ट आहे कीं, गांवाचें भाग्य बाहेरच्या कारणांनीं उघडतें आणि बाहेरच्याच कारणांनीं पालटतें. मधल्या काळांत तें टिकतें तें मात्र आंतल्या वर्तनानें. जकातीचा नाका ओलांडून, शिक्क्याचा बट्टा सोसून ज्या शेतकऱ्याचा आजा या पेठेस आला, त्याच्या नातवास पक्क्या सडकेवरून यावेंसें वाटूं नये, अशी स्थिति कोणत्याही पेठेनें येऊं देऊं नये. आणि नातवानेंही, आपल्या आज्यानें चार कोस चालून मिळविलेला उघडा लिलाव घरबसल्या सोयीसाठीं गमावूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.