दोष कोणाच्या माथी?

फाल्गुन मास लागला की भोर आणि वेल्हे परिसरातील डोंगरउतारांवर पळस फुलतो. तोरणा आणि राजगड यांच्या पायथ्याच्या गावांतून मुले गोवऱ्या व लाकडे गोळा करू लागतात. पौर्णिमेच्या सायंकाळी मधोमध एरंडाची फांदी रोवून होळी रचली जाते, पुरणपोळीचा नैवेद्य होतो, आणि एरव्ही वडीलधाऱ्यांसमोर मान वर न करणारी मुले त्या रात्री मनसोक्त बोंब मारतात. वर्षभर दाबून ठेवलेले बोलून टाकण्याची समाजाने दिलेली ही एका रात्रीची मुभा होय.

अशी मुभा अन्य समाजांतही आढळते. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेल्या कोलोन शहरात कार्निव्हलचा हंगाम ११ नोव्हेंबर रोजी सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतो. त्याला तेथे ‘पाचवा ऋतू’ म्हणतात. खरी धामधूम मात्र ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या तोंडावर, गुरुवार ते मंगळवार अशी सहा दिवस चालते. गुरुवारी स्त्रिया पुरुषांचे गळपट्टे कातरतात. सोमवारी निघणाऱ्या भव्य मिरवणुकीची परंपरा १८२३ पासूनची आहे. त्या काळी कोलोनवर प्रशियाची सत्ता होती. नगरवासीयांनी सैनिकांची सोंगे घेऊन लष्करी शिस्तीची थट्टा आरंभिली, ती आजही चालू आहे. आपल्या शिमग्यातील सोंगांशी तिचे नाते लगेच ध्यानी येते.

‘कार्निव्हल’ या शब्दाचे मूळ बहुतेक अभ्यासक ‘मांस दूर सारणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांत शोधतात. हा मांसत्यागाच्या उंबरठ्यावरचा उत्सव आहे. राखेच्या बुधवारी तो संपतो आणि ख्रिस्ती श्रद्धावंतांचा चाळीस दिवसांचा संयमकाळ सुरू होतो. आपल्याकडे क्रम नेमका उलटा दिसतो. दिगंबर परंपरेत फाल्गुन शुक्ल अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अष्टाह्निका पर्व असते, श्वेतांबर परंपरेत फाल्गुन चौमासी चतुर्दशी येते; आणि या संयमदिनांच्या लगोलग, धुळवडीला, गावागावांत सामिष भोजनाच्या पंगती उठतात. आपल्या घरातील मुलांनी त्या दिवशी मित्रांसोबत रंग खेळावा, पण पंगतीला नम्रपणे नकार द्यावा, हा वडिलांचा शिरस्ता अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे.

जर्मनीत शिकण्यास गेलेल्या मुलांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. मिरवणुकीतील रथांवरून गोळ्या-चॉकलेटांची अक्षरशः वृष्टी होते. त्यांतील पुष्कळशा मऊ गोळ्यांत जिलेटिन असते, जे प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून बनते. या दिवसांतील तळलेल्या गोड पावांत अंडी असतात. तेव्हा झेललेली गोळी तोंडात टाकण्यापूर्वी वेष्टनावरील घटक वाचणे, हाही त्या परदेशातील एक लहानसा स्वाध्यायच ठरतो.

कार्निव्हलच्या अखेरच्या रात्री मात्र एक अधिक गंभीर गोष्ट घडते. मद्यालयांच्या दारांवर गवताचा एक पुतळा टांगलेला असतो. त्याला ‘नुबेल’ म्हणतात. मंगळवारी मध्यरात्रीच्या सुमारास त्याच्यावर आरोपपत्र वाचले जाते. पैसे कोणी उधळले? नुबेलने! मर्यादा कोणी ओलांडली? नुबेलने! मग त्याला जाळले जाते आणि लोक हलक्या मनाने घरी परततात. होळीतही आपण वर्षाची कुरबुर अग्नीच्या स्वाधीन केली, असे मानतो.

विनोद म्हणून हे मनोहर आहे. परंतु गवताने केलेली चूक कोठे असते? शिमग्याच्या रात्री ज्याच्या नावाने बोंब मारली, त्याच्या मनातील सल राखेबरोबर जात नाही. जिनवाणीचा सिद्धान्त येथे निःसंदिग्ध आहे: कर्माचा कर्ता जीव, भोक्ताही तोच, त्याची निर्जरा दुसऱ्या कोणाला जाळून होत नाही. म्हणून प्रतिक्रमणात दोष स्वतःच्या नावे उच्चारावा लागतो.

यंदा होळीची राख थंड झाल्यावर भोरच्या पेठेत असो वा कोलोनच्या वसतिगृहात, प्रत्येकाने एकच करावे. ज्याला आपण दुखावले, त्याचे दार ठोठवावे, अथवा त्याला दूरध्वनी करावा, आणि म्हणावे, ‘चूक माझी होती.’ या तीन शब्दांसाठी ना लाकूड लागते, ना पुतळा.