भडक रंगांची बाजू

'भडक' हा शब्द मराठीत सहसा चांगल्या अर्थाने वापरत नाहीत. भडक कपडे, भडक भाषा, भडक चित्र! एखाद्या चित्राला भडक म्हटले, की त्याच्याविषयी आणखी काही बोलायची गरजच उरत नाही. या शब्दाविषयी माझी थोडी तक्रार आहे. तिचे कारण म्हणजे एक भिंत.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका शाळेत स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलामुलींनी मैदानाकडची भिंत रंगवली. विषय होता खो-खो. एक मुलगी खांबाकडे झेपावत होती. तिचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले होते. मागे नुसता पिवळा रंग, तिचा पोशाख लाल आणि तिच्याभोवती जाड काळी रेघ. पुढे पळणाऱ्या मुलाला तर चक्क चार पाय होते! प्रथम मला हसू आले. पुन्हा पाहिले तेव्हा कळले, की ते एकाच धावण्याचे दोन क्षण होते. पंधरा दिवसांत त्या भिंतीवर चुना फिरला. "चित्र भडक होते, सिनेमाच्या पोस्टरसारखे दिसत होते," असे कारण मला सांगण्यात आले.

पोस्टरसारखे दिसत होते, हे अगदी बरोबर. पण तो दोष कसा?

१९५० नंतरच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेतील काही चित्रकारांनी जाहिराती, सिनेमा आणि चित्रकथा यांतील चित्रे उचलून आपल्या चित्रांत आणली. या कलेला 'पॉप आर्ट' म्हणतात. पॉप म्हणजे लोकप्रिय, चार लोकांत चालणारे. अँडी वॉरहॉल यांनी १९६२ साली सूपच्या डब्यांची ३२ चित्रे काढून मांडली. रॉय लिक्टेनस्टाइन यांनी चित्रकथेतील छपाईचे ठिपकेसुद्धा मोठे करून रंगवले. दुकानातील डबा ही काय चित्र काढण्याची वस्तू आहे, असे तेव्हा अनेकांना वाटले. आज ती चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. १९३४ साली मुंबईत जन्मलेले भूपेन खख्खर हे व्यवसायाने हिशेबनीस होते. त्यांनी बाजारात मिळणारी देवदेवतांची स्वस्त चित्रे कापून आपल्या चित्रांत चिकटवली. पुढे त्यांनी घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी अशी साधी माणसे त्यांच्या दुकानांसह रंगवली. 'जनता वॉच रिपेअरिंग' हे त्यांचे १९७२ सालचे चित्र प्रसिद्ध आहे. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे पॉप आर्टचे चित्रकार नव्हेत. पण त्यांनी तरुणपणी मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरले. लहानपणी त्यांनी सुलेखनाचे, म्हणजे तुमच्या खुशखतीचे, धडे घेतले होते. त्यांचे धावते घोडे पाहिले, की कलमाचा तो एका दमात ओढलेला फटका आठवतो.

आणि आपल्या जिल्ह्यात? होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांची यात्रा भरते. हिंदू आणि मुसलमान दोघेही तेथे जातात. लहानपणी मी त्या यात्रेत 'मौत का कुआँ'च्या तोंडाशी लावलेला एक रंगीत पडदा पाहिला होता. त्यावर मोटारसायकलवर बसलेला एक तरुण होता. त्याचे केस मागे उडत होते आणि चाकांमागे पांढऱ्या रेघा होत्या. आतला खेळ मी विसरलो, पण तो पडदा अजून डोळ्यांसमोर आहे. तो कोणी रंगवला हे कोणी विचारले नाही. त्या कारागिरांना आपण नुसते 'पेंटर' म्हणत असू. लहान फोटोवर चौकटी आखून तेच चित्र वीस फुटांच्या फलकावर हुबेहूब उतरवणारे हे लोक होते. पुढे फ्लेक्सचे फलक आले आणि बहुतेकांचे काम गेले.

भिंतीवरच्या त्या मुलांनी याच पेंटरांची विद्या नकळत वापरली होती. उभी आकृती थांबलेली वाटते, तिरकी आकृती पडेल की धावेल असे वाटते. लाल आणि हिरवा रंग अगदी शेजारी आले, तर त्यांची कड थरथरल्यासारखी दिसते. आकृतीचा हात चौकटीबाहेर गेला, की ती चौकटीत मावत नाही असा भास होतो. भिंत हलत नाही, पण पाहणाऱ्याची नजर पळू लागते. आता मला सांगा, खो-खोचे चित्र फिक्या रंगांत कसे काढायचे?

माझे एक शिक्षकमित्र म्हणतात, "आधी हात बसू द्या, मग असली चित्रे काढू द्या." त्यांचे म्हणणे मला अर्धे पटते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांसाठी मुले वस्तुचित्राचा सराव करतात, तो करायलाच हवा. रंग उधळले म्हणजे चित्र चांगले झाले, असेही नाही. पण त्याच परीक्षांत स्मरणचित्र हाही विषय असतो. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेले आठवून काढणे. आपली मुले काय पाहतात? बसस्थानक, आठवडी बाजार, क्रिकेट, कबड्डी, पाण्याच्या टाकीवरची जाहिरात. तरीही त्यांच्या कागदावर बहुतेक वेळा दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि नदीच येते. ही झोपडी त्यांनी दुसऱ्याच्या वहीत पाहिलेली असते.

चुना फिरवण्याआधी त्या मुलांना कोणी काही विचारले नाही, याचे मला जास्त वाईट वाटते. चार पायांचा मुलगा ज्याने काढला, तो म्हणाला, "सर, चुकलं असेल आमचं." त्याचे काय चुकले होते?

ती भिंत सध्या पांढरीच आहे. दर संमेलनाला ती नववीच्या वर्गाला द्यावी आणि गावातील एखाद्या जुन्या पेंटरला दोन दिवस शिकवायला बोलवावे, असे मी शाळेला सुचवले आहे. वर्ष संपले, की भिंत खुशाल पुसावी आणि पुढच्या वर्गाला द्यावी. चुन्याचा खर्च तर आताही होतोच आहे.